धान्याची वाट आणि माहितीची वाट



हमालांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने इतिहासावर काय बोलावे, असा प्रश्न आमच्या काही स्नेह्यांना पडला आहे. प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. परंतु एक गोष्ट आम्हाला पंडितांपेक्षा जवळून दिसते. बाजार समितीच्या आवारात, मालधक्क्यावर आणि सरकारी गुदामात जे धान्य येते आणि जाते, ते माणसाच्या पाठीवरून येते आणि जाते. ओल्या पोत्याचा वास, बुरशीची पूड, धुरी दिलेल्या थप्पीचा उग्र दर्प हे सारे तपासनीसाच्या वहीत चढण्यापूर्वी हमालाच्या नाकात शिरलेले असते. म्हणून अन्नाच्या शुद्धतेचा इतिहास हा विषय आम्ही परका मानीत नाही. तो पोत्याचा इतिहास आहे, आणि पोते आमच्या ओळखीचे आहे.

आजचे सांगणे थोडक्यात असे. धान्य जितके दूर जाते तितकी त्याच्याविषयीची माहिती त्याच्या मागे पडते. या दोहोंमधले अंतर भरून काढण्यासाठी माणसाने गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत कायदे केले, प्रयोगशाळा काढल्या, आणि शेवटी देशादेशांनी एकत्र बसून नियम ठरवले. हे सारे काम मोठे आहे. परंतु ते कोणाच्या ताटापर्यंत पोहोचले आणि कोणाच्या ताटाशी येऊन थांबले, हे पाहिल्यावाचून त्याचा हिशेब पुरा होत नाही.

जुन्या वऱ्हाडातले कुटुंब आपल्या शेतातली ज्वारी आपल्याच पेवात साठवी. पेव उघडताना घ्यायची काळजी, पाणी शिरलेल्या पेवातली ज्वारी बाजूला कशी काढायची, हे घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असे. गावचे धान्य आणि गावचे शहाणपण एकाच आवारात नांदत होते. त्या काळात सर्व आलबेल होते असे आमचे म्हणणे नाही. दुष्काळ होते, उपासमार होती, सावकारी होती. मात्र खाणाऱ्याला पिकवणारा ठाऊक होता.

आगगाडीने ही घडी मोडली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत फाटा सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्याचा कापूस थेट मुंबईच्या गोदीला जोडला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला होता. त्यांचे लक्ष हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. आणि वळताच तक्रारी सुरू झाल्या. गाठीत सरकी, धूळ, पाणी, हलक्या जातीचा कापूस! त्यावर उपाय म्हणून मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा झाला आणि तपासनीस नेमले गेले.

श्रोतेहो, या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. भेसळीविरुद्ध सरकारी यंत्रणा उभी राहिली ती सातासमुद्रापलीकडच्या गिरणीवाल्याचे सूत तुटू नये म्हणून. आपल्याकडच्या माणसाने खाल्लेल्या पिठात काय आहे, हे पाहणारे कायदे प्रांतोप्रांती पुढे फार उशिरा, विसाव्या शतकात आले. मुंबई प्रांताचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९२५ चा. कापूस आधी आणि भाकरी नंतर, हा क्रम आपण विसरू नये. तो पुढेही भेटणार आहे.

खुद्द विलायतेत तरी काय होते? तिथला गिरणी कामगार खात असलेल्या पावात तुरटी असे आणि मुलांच्या रंगीत मिठाईत शिशाची व तांब्याची विषारी द्रव्ये असत. आर्थर हिल हॅसल नावाच्या डॉक्टरने सूक्ष्मदर्शक यंत्र घेतले, लंडनच्या दुकानांतून नमुने विकत आणले, आणि १८५१ ते १८५४ या काळात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून दुकानदारांच्या नावानिशी निष्कर्ष छापले. एवढे झाले तरी कायदा येईना. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावात मिठाईत चुकून सोमल पडून सुमारे वीस माणसे दगावली, तेव्हा सरकार हलले. १८६० साली पहिला कायदा झाला आणि १८७५ साली तो खऱ्या अर्थाने कामाचा झाला. अमेरिकेत शिकागोच्या खाटीकखान्यातील कामगारांची दैना सांगण्यासाठी अप्टन सिंक्लेअर यांनी कादंबरी लिहिली. वाचणारे हादरले ते मात्र आपल्या ताटात येणाऱ्या मांसाच्या घाणीने. आणि १९०६ साली तिथे शुद्ध अन्नाचा कायदा झाला. कामगाराच्या हाताची जखम आणि खाणाऱ्याच्या पोटातले विष एकाच छपराखाली तयार होतात, ही गोष्ट आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला तेव्हापासून शिकण्याजोगी वाटते.

स्वतंत्र भारताने १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा केला. १ जून १९५५ पासून तो अमलात आला. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्ये बदलली, कायदा तोच राहिला. त्याने दुधातले पाणी, तेलातले धोत्र्याचे तेल, हळदीतला रंग यांच्यावर खटले भरता येऊ लागले. हा कायदा भेसळ करणाऱ्या माणसाला शोधणारा होता. परंतु विष नेहमी माणूसच घालतो असे नाही. कधी ते बुरशी घालते, कधी जमीन घालते. तिथे आरोपी कोणाला करणार?

इथे देशादेशांच्या सहकार्याची गोष्ट सुरू होते. दुसरे महायुद्ध संपता संपता, ऑक्टोबर १९४५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना स्थापन झाली, आणि १९४८ साली जागतिक आरोग्य संघटना. एकीने पिकाकडे पाहायचे, दुसरीने माणसाकडे. लवकरच दोघींच्या ध्यानात आले की अन्न या दोहोंच्या मधोमध आहे. म्हणून दोघींनी मिळून अन्नाच्या प्रमाणांविषयी एक मंडळ नेमले. त्याला 'कोडेक्स अॅलिमेंटॅरियस' असे लॅटिन नाव आहे; आपण त्याला अन्नसंहिता म्हणू. १९६३ साली रोममध्ये त्याची पहिली बैठक झाली आणि १९६४ साली भारत त्याचा सभासद झाला. कोणत्या धान्यात कोणत्या घातक द्रव्याचा किती अंश चालेल, नमुना कसा घ्यायचा, तपासणी कोणत्या पद्धतीने करायची, हे तिथे सर्व देशांचे जाणकार बसून ठरवतात. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना आली, आणि तिच्या करारान्वये या प्रमाणांना व्यापारातल्या तंट्यात पुराव्याचे वजन आले. भारत तिथे नुसता श्रोता नाही. मसाल्यांसाठीच्या समितीचे यजमानपद आपल्याकडे आहे आणि तिची पहिली बैठक २०१४ साली कोचीला भरली.

परदेशात बसून केलेले नियम आपल्या गावच्या माणसाच्या काय कामाचे, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही कामगार चळवळीतले उदाहरण देतो. १९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे गेले होते. कामाच्या तासांविषयी जो ठराव तिथे झाला, त्यात हिंदुस्थानसाठी आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली गेली, आणि १९२२ च्या कारखाना कायद्यात ती उतरली. साठ तास म्हणजे काही स्वर्ग नव्हे. परंतु मर्यादा म्हणून काही असते, हे सरकारने मान्य केले. हे नुसत्या ठरावाने झाले असे मात्र समजू नका. १९१९ आणि १९२० साली मुंबईच्या गिरण्यांतून मोठे संप झाले होते. वरून ठराव आणि खालून रेटा, असे दोन हात जुळले तेव्हा टाळी वाजली. आंतरराष्ट्रीय नियम हा शेतातल्या पाटासारखा असतो. पाणी पाटापर्यंत येते. आपल्या वाफ्यात घ्यायचे तर बारे आपणच फोडावे लागते.

बारे न फोडल्यास काय होते, याचेही उदाहरण आपल्या देशातच आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की कोंबड्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले पटापट मेली. रोग कोणता ते कळेना. अखेर संशय खाद्यावर गेला. त्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि त्या पेंडीवर एक बुरशी वाढली होती. तिच्या विषाला 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले. डोळ्यांना दिसत नाही, शिजवल्याने पुरते जात नाही, आणि यकृताचा घात करते, असे हे विष आहे. तेव्हापासून भुईमुगाच्या दाण्याला जगभर मर्यादा लागल्या. पुढे प्रक्रिया होणाऱ्या शेंगदाण्यासाठी अन्नसंहितेने किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ही सीमा ठरवली. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ओलाव्यात पडलेले एक पोते पुष्कळ पोत्यांचा घात करते, ही हमालाची जुनी समजूत शास्त्राने अशी आकड्यात मांडली.

परंतु १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या आदिवासी भागांत कावीळ पसरली. पोटात पाणी होऊन माणसे मरू लागली. शंभराहून अधिक मृत्यू झाले. घरातली कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध केला, तेव्हा अवकाळी पावसात भिजलेल्या आणि धड न वाळवता साठवलेल्या मक्यात हेच विष सापडले. इंग्लंडातल्या पिलांच्या मरणाने जे ज्ञान १९६० च्या सुमारास जगाला झाले, ते चौदा वर्षे उलटली तरी आपल्या डोंगरातल्या माणसाच्या कणगीपर्यंत पोहोचले नव्हते. आणि पोहोचले असते तरी त्याच्या घरात दुसरे धान्य नव्हते. भुकेल्या माणसाला नुसती माहिती पुरत नाही. तिच्याबरोबर बदली धान्यही द्यावे लागते. हा धडा आम्ही अधोरेखित करू इच्छितो.

दुसऱ्याने दिलेले धान्य खाण्याचा अनुभव आपल्या जिल्ह्याला नवा नाही. अमेरिकेच्या १९५४ च्या कायद्यान्वये, ज्याला आपण पीएल ४८० म्हणतो, १९५६ पासून गहू येऊ लागला. १९६५-६६ च्या अवर्षणात तर परदेशी धान्यावरच देशाची चूल पेटली. लाल रंगाची मिलो ज्वारी आमच्या वडिलांच्या पिढीने खाल्ली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना मिळालेली सुकडीही त्यांनी खाल्ली. तिची चव कशीही असो, तिने प्राण वाचवले, ही गोष्ट कृतज्ञतेनेच सांगितली पाहिजे. त्या गव्हाबरोबर गाजरगवताचे बी आले असे लोक सांगतात. खरेखोटे वनस्पतिशास्त्रज्ञ ठरवोत. पण लोकांच्या या बोलण्यात एक जाण आहे, की पोत्यात धान्य एकटे येत नाही.

आता निर्यातीकडे वळू. नाशिक-सांगलीची द्राक्षे युरोपात जातात. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि माल अडला. युरोपातील देशांनी १९७९ पासून एकमेकांना अन्नातील धोक्याची तातडीने खबर देण्याची पद्धत घालून घेतली आहे. एका बंदरात दोष दिसला की सर्व बंदरांना कळते. आपल्या सरकारने, अपेडा या निर्यात संस्थेने आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने त्यावर उपाययोजना उभी केली. प्रत्येक बागेची नोंद झाली, बागेला क्रमांक मिळाला, काढणीपूर्वी नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासायचा नियम झाला. पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बाग सापडू लागली. २०१० साली पुन्हा एक अडचण आली. क्लोरमेक्वाट क्लोराईड नावाचे, वेलीची वाढ रोखणारे औषध युरोपच्या तपासणीत सापडले; आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हते. पुष्कळ माल अडला आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. मग ते नाव यादीत चढले. सहकार्य असेच वाढते, ठेच लागत लागत. परंतु ते वाढते, हे खरे.

म्हणजे काय झाले ते पाहा. नेदरलँड्समधल्या खाणाऱ्याला आपल्या दिंडोरीच्या वा तासगावच्या बागेचा क्रमांक कळतो. मग आपल्या शेगाव तालुक्यातल्या खाणाऱ्याला काय कळते?

२०२४ चा डिसेंबर संपता संपता आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या भागात लोकांचे केस गळू लागले. डोक्याला खाज सुटायची आणि काही दिवसांत टक्कल पडायचे. लेकरे, तरुण मुली, म्हातारी माणसे, कोणी सुटले नाही. जानेवारी २०२५ पर्यंत अठरा गावांत सुमारे २८० माणसांना ही बाधा झाली. हा भाग पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याचा; म्हणून पहिला संशय पाण्यावर गेला, दुसरा बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली आणि रक्ताचे, पाण्याचे, धान्याचे नमुने घेऊन गेली. पुढे एप्रिलमध्ये काहींची नखेही निखळू लागली.

विंचूदंशावरील संशोधनामुळे जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः गावांत जाऊन नमुने गोळा केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम नावाच्या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले होते. आणि रेशनच्या दुकानातून आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट होते, असे त्यांनी सांगितले. धुतलेल्या गव्हातही ते राहते, म्हणजे ते वरून लागलेले नसून दाण्याच्या आतले असावे, असा त्यांचा तर्क होता.

सेलेनियम हे शरीराला अगदी थोडे लागते. थोडे जास्त झाले की केस आणि नखे जातात. हे ज्ञान आजचे नाही, आणि इथेच इतिहासाचा संबंध येतो. अमेरिकेतील दक्षिण डाकोटा प्रांतात गुराघोड्यांच्या शेपटीचे व आयाळीचे केस झडत, खूर गळून पडत. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात त्याचे कारण तिथल्या जमिनीतले, आणि म्हणून तिथल्या धान्यातले सेलेनियम असल्याचे दाखवले. चीनमधील हुबेई प्रांतात एन्शी नावाचा भाग आहे. तिथे १९६१ ते १९६४ या काळात गावेच्या गावे केस आणि नखे गमावून बसली. चिनी शास्त्रज्ञांनी शोध करून १९८३ साली अमेरिकेतल्या पोषणविषयक नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. आणि मोठ्या माणसाने दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक सेलेनियम घेऊ नये, ही पुष्कळ ठिकाणी मानली जाणारी मर्यादा बहुतांशी त्याच भागातल्या अभ्यासांवर उभी आहे. त्या वेळी चीन आणि अमेरिका यांचे सूत काही फार जुळलेले नव्हते. तरी चिनी खेड्यातल्या माणसाचे दुःख जगाच्या उपयोगी पडले. विद्येला पारपत्र लागत नाही, ते हे असे.

आणि आपला पंजाब? तिथल्या नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांतल्या काही पट्ट्यांत जमिनीत सेलेनियम अधिक आहे, तिथल्या गुरांचे खूर आणि केस जातात, तिथल्या गव्हात ते उतरते, ही गोष्ट लुधियानाच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांतच लिहून ठेवली आहे. म्हणजे दक्षिण डाकोटाला ठाऊक होते, एन्शीला ठाऊक होते, लुधियानालाही ठाऊक होते. पंजाबचा गहू हजार किलोमीटरांहून अधिक वाट चालून वऱ्हाडातल्या दुकानात उतरतो. लुधियानाची विद्या त्याच्याबरोबर उतरत नाही.

हे कसे घडू शकते? आम्ही गुदामातली रीत सांगतो. सरकारी खरेदीच्या वेळी गव्हाची परीक्षा होते, आणि ती खोटी नसते. पोत्यात परखी खुपसून दाणे काढतात, ओलावा मोजतात. विजातीय द्रव्य शेकडा पाऊण, खराब दाणा शेकडा दोन, आकसलेला आणि फुटका शेकडा सहा, अशा मर्यादा आहेत. या सर्व परीक्षा डोळ्याच्या, चाळणीच्या आणि ओलावा मापण्याच्या यंत्राच्या आहेत. दाणा टपोरा असला की तो पास होतो. परंतु जमिनीने आत घातलेले विष टपोऱ्या दाण्यातही असू शकते. आणखी असे की, बारदान्यावर हंगामाचे साल आणि खरेदी करणाऱ्या संस्थेची खूण असते. तालुक्याच्या गुदामात थप्पी लागली, दुकानात पोते फुटले, तागडीत दाणे मिसळले, की ती खूण तिथेच संपते. बाईच्या पदरात पडलेल्या पाच किलो गव्हाला ना गाव राहते ना शेत.

द्राक्षाच्या पेटीला क्रमांक आणि रेशनच्या गव्हाला मात्र मौन! १८६३ साली कापूस आधी आणि भाकरी नंतर असा जो क्रम होता, तो आजही पुरता उलटलेला नाही. २००६ साली देशात अन्नसुरक्षा व मानके कायदा झाला, ऑगस्ट २०११ पासून तो लागू झाला. खाणाऱ्याचा जीव हाच त्या कायद्याचा केंद्रबिंदू आहे. परंतु कायद्याला पाय लागतात ते प्रयोगशाळांचे, नमुना घेणाऱ्या माणसांचे आणि विचारणाऱ्या लोकांचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या प्रकरणावरून कोणी पंजाबच्या शेतकऱ्याला दोष देईल, तर तो अन्याय होईल. त्याची जमीन त्याने घडवलेली नाही. आणि तो स्वतः आणि त्याची गुरे तेच खातात. तसेच कोणी म्हणेल, कंट्रोलचा गहूच नको, दुकाने बंद करा. तेही आम्हाला मान्य नाही. मिलोच्या पोत्यापासून आजच्या पाच किलोपर्यंत या व्यवस्थेने गरिबाची चूल राखली आहे. घराला गळती लागली म्हणून घर पाडीत नाहीत, कौल फिरवतात.

मग कौल कोणते? पहिले असे की, युरोपात जशी धोक्याची खबर बंदराबंदरांत फिरते, तशी आपल्या राज्याराज्यांत फिरली पाहिजे. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २००४ पासून देशादेशांत अशी खबर देणारे जाळे चालवले आहे. रोम आणि जिनिव्हा यांना जोडणारी तार जर दिल्लीपर्यंत येते, तर लुधियाना ते बुलढाणा ही तार जोडणे अशक्य नाही. ज्या पट्ट्यांत जमिनीचा दोष माहीत आहे, तिथला गहू आधी तपासावा, आणि दोषी ठरला तर शेतकऱ्याला मोबदला देऊन बाजूला काढावा.

दुसरे असे की, पोत्याची खूण दुकानापर्यंत टिकली पाहिजे. कोणत्या थप्पीतला गहू कोणत्या गावी गेला, हे द्राक्षाइतके सूक्ष्म नसले तरी कळण्याजोगे असावे. हे काम हमाल, मापारी आणि गुदामातील कारकून यांच्या हातून होणार आहे. त्यांना शिकवा. ओल्या, बुरशीच्या, वास येणाऱ्या पोत्याविषयी तक्रार करणाऱ्या हमालाची मजुरी बुडू नये एवढी हमी द्या. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा करून पाठीवरच्या ओझ्याला संरक्षण दिले. त्या पाठीवरून जाणाऱ्या अन्नालाही त्याच माणसाकडून पहारा मिळू शकेल. शिकागोचा धडा तोच आहे.

तिसरे काम आपले सर्वांचे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक स्वस्त धान्य दुकानासाठी दक्षता समिती सांगितली आहे. आपल्या वॉर्डाच्या, आपल्या गावच्या समितीत कोण आहे, ती शेवटची केव्हा बसली, हे आपल्यापैकी प्रत्येकाने विचारावे. दाण्याचा नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे जावा, आणि त्याचा अहवाल दुकानाच्या दारावर मराठीत लागावा. शहरातला सुशिक्षित माणूस रेशन घेत नाही, म्हणून तो गप्प बसतो. आणि रेशन घेणारा घाबरून गप्प बसतो. या दोन मौनांच्या मध्ये विष निवांत बसते.

आणि शेवटचे असे की, देणेघेणे दोन्ही बाजूंनी व्हावे. एन्शीच्या शेतकऱ्याच्या दुःखाची नोंद झाली म्हणून आपल्याला चाळीस वर्षांनी निदान करता आले. शेगाव तालुक्यातील माणसांच्या दुःखाचीही तशीच पुरी, खुली, आकड्यांसह नोंद जगापुढे आली पाहिजे. उद्या आफ्रिकेतल्या वा दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या गावी लेकरांचे केस झडू लागले, तर तिथल्या डॉक्टरला बोंडगावचे नाव वाचून उपाय सापडावा. आपण जगाकडून शिकलो, जगालाही शिकवू. यालाच आम्ही सहकार्य म्हणतो.

वऱ्हाडची जमीन काळी आणि उदार आहे. तिच्यावर राहणाऱ्या माणसाने पंजाबची पोळी खावी, पंजाबने आपली डाळ खावी, यात देशाचे ऐक्यच आहे. फक्त जी वाट धान्याने चालावी, तीच वाट माहितीनेही चालावी, आणि दोघी एकाच गाडीतून उतराव्यात. तेवढे झाले, तर पाठीवर पोते घेऊन फळी चढणाऱ्या आमच्या हमाल बांधवाला आपण काय वाहून नेत आहोत ते कळेल, आणि ज्या घरात ते पोते रिकामे होईल त्या घरालाही कळेल.